मदत हवी आहे: चौरंग डुगडुगतोय, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर

हौशी_सुतार (फोंडा)
चौरंग केलाय, १८ बाय १८ इंच, वर दोन फळ्या जोडून. डुगडुगतो. एक पाय ४ मिमी वर राहत होता म्हणून बाकीचे तीन घासले. चार दिवसांनी दुसराच पाय वर! आता मधल्या सांध्याशेजारी चीर गेलीय, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. फेव्हिकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवलं होतं, त्यामुळे माझं काम कच्चं नाही. बहिणीची लग्नानंतरची पहिली चवथ आहे. ओझ्याबरोबर (माहेरून सासरी जाणारं चवथीचं सामान) हा पाठवणार म्हणून सासरी सांगून बसलोय. हातात १९ दिवस. चिरेत काय भरायचं तेवढंच सांगा, लेक्चर नको.

शुक्रवारचो_बाजार
लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भर. वाळलं की सँडपेपर. दिसतसुद्धा नाही.

मेस्तकाका
भरू नको. लाकूड कसलं? फळी किती जाड? खालच्या आडव्या पट्ट्या कशा बसवल्यास?

हौशी_सुतार
फणस. एक इंच. पट्ट्या फेव्हिकॉल लावून वर स्क्रू, एकेका पट्टीला सहा. हलणार नाहीत.

मेस्तकाका
तिथेच चुकलंय. लाकूड आडवं फुगतं, आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. तुझ्या पट्टीची लांबी नेमकी फळीच्या रुंदीवर आडवी. फळी आकसायला बघते, पट्टी सोडत नाही. मग कुठेतरी फाटणारच. सांधा सुटलाय की शेजारचं लाकूड चिरलंय, नीट बघ.

हौशी_सुतार
शेजारचं चिरलंय. फेव्हिकॉलची रेघ तशीच आहे.

मेस्तकाका
मग फेव्हिकॉल पास झाला, लाकूड नापास. खालून पॉलिश मारलंस?

हौशी_सुतार
खालून कशाला? कोण वाकून बघणार?

मेस्तकाका
माणसं नाही बघत, हवा बघते. वरून बंद, खालून उघडं, म्हणजे दोन बाजू दोन वेगांनी सुकणार.

पातोळी
स्पिरिट पॉलिश या दिवसांत करूच नका. हवेतला दमटपणा बसतो आणि पांढरा धुरकट थर येतो. मी आईच्या मसाल्याच्या डब्यावर केलं, जायफळासारखं दिसायला लागलं. कोरडा दिवस बघून दुपारी पातळ हात मारायचा.

हौशी_सुतार
माझं पॉलिश पांढरं पडलेलं नाही. विषय चिरेचा आहे.

डिचोलीचा_प्लाय
एवढा खटाटोप कशाला? १८ मिमी मरीन प्लाय घे, कडेला लिपिंग (लाकडाची बारीक पट्टी) मार, दोन तासांत चौरंग. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, फुगणं-आकसणं नावाला. जन्मात डुगडुगणार नाही.

शुक्रवारचो_बाजार
देवाखाली प्लाय? पहिल्याच ओझ्यात? व्याही काय म्हणतील!

डिचोलीचा_प्लाय
व्याह्यांचं स्वयंपाकघर कशाचं आहे ते आधी बघून या.

कुळागर
फणस घरचा का? तोडायला परवानगी घेतली होती? गोव्यात १९८४ पासून झाडांचा कायदा आहे, आपल्या कुळागरातलं (बागायतीतलं) असलं तरी विचारावं लागतं. आणि गऱ्याने कापा होता की रसाळ?

हौशी_सुतार
तोडला नाही हो, पडला! परसातला होता, जूनच्या वादळात विजेच्या तारांवर आडवा. खात्याची माणसं येऊन कापून गेली. बुंधा मी सॉ मिलमध्ये नेऊन फळ्या पाडून घेतल्या.

मेस्तकाका
थांब. कुठल्या जूनमध्ये?

हौशी_सुतार
ह्याच. पण महिनाभर पंख्याखाली ठेवल्या होत्या, हाताला अगदी कोरड्या लागत होत्या.

मेस्तकाका
अरे बाबा! हे आठव्या ओळीत नाही, पहिल्या ओळीत सांगायचं. एक इंच जाडीला सावलीत साधारण वर्ष धर, आणि त्यातही हा आपला पावसाळा. पंख्याने वरची कातडी सुकते, पोट ओलंच. तू चौरंग नाही केलास, झाडाला पाय लावलेस. उरलेला तुकडा असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर, तीन दिवसांनी परत कर. उतरत असेल तोवर लाकूड ओलं.

पातोळी
हीटर लावून सुकवला तर?

मेस्तकाका
टोकांना चिरा जातील. एक आहे, त्या आणखी चार.

माटोळी_बांधणारा
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कागदाचा गणपती. पोर्तुगीजांच्या काळात मूर्ती लपवायची वेळ आली तेव्हापासूनची रीत, अजून तीच. त्यामुळे चौरंगावर वजनच नसतं, आमचा आजोबांपासूनचा एक पाय लंगडा आहे, खाली सुपारी सारतो. तुम्हीही सारा सुपारी.

शुक्रवारचो_बाजार
माटोळीच्या (गणपतीवर फळंफुलं टांगतात त्या) लाकडी चौकटीला ओलं लाकूड चालतं का हो? आमची वाळवीने खाल्लीय.

मेस्तकाका
त्याचा वेगळा धागा काढा.
हौशी, ऐक. हा चौरंग जाणार नाही, मनातून काढ. जुनं लाकूड शोध. घर मोडलेलं कुणी असेल तर दाराची फळी, माळ्यावरचं काही, मोडका माचा. ३०-४० वर्षं आपले पावसाळे बघितलेलं लाकूड आता नवीन नखरे करत नाही. पट्टीला गोंद लावायचा नाही. मधला एक स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं पट्टीच्या लांबीत लांबट कर, म्हणजे फळी सरकली तर सरकू दे. पॉलिश वर जितके हात, खाली तितकेच.

डिचोलीचा_प्लाय
किंवा प्लाय.

हौशी_सुतार
तीन दिवसांनी येतोय. तुकडा ६४० ग्रॅम होता, आज ६११. तोंड कडू झालं, पण ठीक.
काल माळ्यावर चढलो. आजोबांच्या खोलीचं एक दार काढून ठेवलेलं होतं, सागवानाचं, बिजागरीच्या जागी गंजाचा काळा डाग. त्यातून १८ इंच स्वच्छ निघतंय, डागाची बाजू खाली घेतो. आई म्हणाली, हे बहिणीला सांग, नुसत्या चौरंगापेक्षा तिला ते जास्त आवडेल. फणसाच्या फळ्या मध्ये काठ्या घालून रचल्यात, टोकांना रंग फासलाय, पुढच्या वर्षीपर्यंत हात लावत नाही. दोन पट्ट्यांना तीन-तीन स्क्रू पुरतील का?

मेस्तकाका
पुरतील. भोकं लांबट विसरू नको.

कुळागर
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

हौशी_सुतार
परवानगीचा प्रश्न नव्हता, सांगितलं ना, पडला होता.

कुळागर
ते नव्हे. कापा की रसाळ?

हौशी_सुतार
रसाळ. शेवटचे सात फणस झाडाबरोबरच पडले, साटं (फणसपोळी) करून झाली.