मदत हवी आहे: १९९६ च्या एफ-१५० ला कोणती चाकं घेऊ?

मंडळी, गाड्यांतलं कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला.

माझ्याकडे १९९६ ची फोर्ड एफ-१५० पिकअप आहे. ४.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह. मुक्काम ओहायो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इंजिन ठणठणीत आणि खालचा पत्रा हातात येतोय अशी तिची अवस्था. रोजची गाडी नाही. उन्हाळ्यात बागेची माती, थंडीत जळाऊ लाकडं आणि गणपतीत मंडळाचं मखर, सतरंज्या, मोठाली पातेली. पण त्या चार दिवसांत ती बंद पडली तर सगळे माझ्याकडेच बघतात.

दुखणं असं, की चारपैकी तीन चाकांची हवा हळूहळू उतरते. टायरवाल्याने टायर उतरवून दाखवला. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेत, नख लावलं की खपली निघते. दोनदा घासून दिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, आता रिमच बदला.

पुढचा शहाणपणा माझा. एका जंकयार्डात २००१ च्या एफ-१५० ची चार अलॉय चाकं टायरसकट १२० डॉलरना मिळाली. ‘एफ-१५०, पाच बोल्ट, डोळे मिटून घ्या,’ असं तिथल्या माणसाने सांगितलं आणि मी खरोखरच मिटले. शनिवारी गाडी जॅकवर घेतली. तीन स्टड (गाडीला बसवलेले, चाक अडकवायचे बोल्ट) भोकांत शिरले, उरलेले दोन कडेला अडले. रबरी हातोड्याने दोन ठोके दिले. मग म्हटलं नटाने ओढून घेऊ. पाना अर्धा फिरला, कुरकुर झाली, आणि बोटांना चांदीसारखा बारीक कीस लागला. आटे खरवडले होते. तिथे थांबलो.

मग व्हर्निअर आठवला! गाडीच्या शेजारशेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८२ मिलिमीटर, अलॉयच्या भोकांचं ७९. नंतर शोधल्यावर कळलं: १९९६ पर्यंतच्या एफ-१५० चे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर असतात, म्हणजे १३९.७ मिमी. १९९७ ला नवी गाडी आली आणि वर्तुळ झालं १३५. नाव तेच, बोल्ट तितकेच.

आता पर्याय तीन दिसतात. ॲडॅप्टर, म्हणजे दोन मापं जुळवणारी मधली जाड चकती, लावून हीच चाकं वापरायची. किंवा ओळखीच्या एकाकडे जुन्या डॉज रॅम १५०० ची १६ इंची चाकं आहेत, त्यांचं वर्तुळ साडेपाच इंचीच आहे. नाहीतर साधी काळी १५ इंची लोखंडी रिम नवीन घ्यायची. दिसायला रॅमची मस्त आहेत, खोटं कशाला बोलू.

जाता जाता, १५ इंचीच घेतली तर ३१ इंची जाडे टायर बसतील का?

— म्हातारीचा ड्रायव्हर

ग्रीसचा डाग:
पाना थांबवलात हे बरं केलंत. ज्या स्टडचे आटे गेलेत तो बदलून घ्या, त्यावर पुन्हा नट चढवू नका.

ॲडॅप्टर चांगल्या प्रतीचे मिळतात, पण जाडी सव्वा इंचाच्या पुढे. चाक तेवढं बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि तुम्ही तर लाकडं भरता. १२० डॉलरची चाकं वाचवायला त्याहून महाग भानगड. माझ्या मते नाही.

रॅमची चाकं बघताना मधलं भोक मोजा. रॅमचं साधारण ७८ मिमी, तुमच्या फोर्डला ८७ लागतं. तुमची फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढचा हब, चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, चाकाच्या मधून बाहेर डोकावतो. बोल्ट जुळतील पण चाक हबवरच अडेल. लेथवर भोक वाढवून घेणारे लोक आहेत. मी घेणार नाही.

लोखंडी रिम घ्या आणि वाचलेले पैसे टायरमध्ये घाला. तुमच्या दारावरच्या स्टिकरवर बहुतेक पी २३५/७५ आर १५ असेल. तो ‘पी’ कारचा टायर. त्यावर वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा १०५ असेल तर एक टायर पेलतो ९२५ किलो, पण पिकअपला लावताना त्याला १.१ ने भागायचं, म्हणजे उरतात ८४० च्या आसपास. त्याच मापाचा ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा टायर, लोड रेंज सी (मजबुतीचा दर्जा) घेतलात तर आकडा १०४ दिसेल, तरी तो पूर्ण ९०० किलो पेलतो, हवा ५० पीएसआय असेल तर. दुकानात १०५ मोठा की १०४ एवढंच बघून लोक फसतात.

माणदेशी:
साडेपाच इंच वाचून आमच्या वडिलांची महिंद्रा जीप आठवली. जुन्या विलिस जीपपासून चालत आलेलं तेच माप, पाच बोल्ट. जिप्सीलाही तेच. आमच्याकडे लोक जिप्सीची चाकं जीपला आणि जीपची जिप्सीला लावून बघायचे. एकाने मागच्या चाकाचे नट गाडीत ऊस भरलेला असताना घट्ट केले, रिकामी करून पुन्हा तपासले नाहीत, आणि चाक गाडीच्या पुढे निघून गेलं. कुणाला लागलं नाही, पण गाव अजून हसतंय.

तुम्ही चाक हवेत असताना नट हाताने बसवा, एक सोडून एक आवळा, गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने १०० फूट-पाउंड, आणि पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा.

ग्रीसचा डाग:
३१ इंचीचं राहिलंच. तुमच्या सध्याच्या टायरचा व्यास २९ इंचांच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३-६४ ने पळत असेल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर घासतात का ते बघावं लागेल. आणि घेतलेत तर चारही तेच घ्या. फोर व्हील लावल्यावर पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर असले की गिअरबॉक्सचं कंबरडं मोडतं.

म्हातारीचा ड्रायव्हर:
दोघांचेही आभार. रॅमवाल्याकडे जाऊन मोजलं: ७८ ला एक केस कमी. विषय संपला. लोखंडी रिम चार मागवल्या, टायर एलटी २३५ च. जंकयार्डवाला पैसे परत देत नाही, पण ७० डॉलरचं क्रेडिट दिलं. त्याच्या अलॉयवरच्या टायरच्या कडेवर छापलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे, म्हणजे बनवल्याची तारीख, घरी आल्यावर वाचले: २३१२. म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. तेही मी विकत घेताना बघितलं नव्हतं.

माप पुन्हा पडताळायला म्हणून काल ट्रकखालची स्टेपनी उतरवली. दांडा घालून फिरवतोय तर तार गंजून जाम, तासभर तेल पाजलं. शेवटी धप्पकन खाली आली. टायरवर नक्षी अगदी कोरी, आणि तारखेच्या जागी तीनच आकडे: ३१५. सन २००० च्या आधीचे टायर असे असतात ना? म्हणजे १९९५ चा एकतिसावा आठवडा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून तिथेच लटकतोय.

ग्रीसचा डाग:
इतक्या जुन्या टायरला रस्त्यावर आणू नका. पाचवी रिमही मागवा.