छताखालची एलईडी पट्टी मंद लागते, मीटर मात्र पूर्ण व्होल्टेज दाखवतो

घाटवाट

नमस्कार. आमच्या व्हॅनचे एका वर्कशॉपमधून फिरते घर करून घेतले आहे. आतली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, पंखे आणि पाण्याचा पंप यांबाबत काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त बाहेरच्या दिव्यांची. बाजूला उलगडणाऱ्या छताखाली चार मीटर एलईडी पट्टी बसवली आहे, तिच्यावर १२ व्होल्ट आणि मीटरला १४.४ वॅट असे छापलेले आहे. दाराखालच्या पायरीवर एक लहान दिवा आहे. दोघांना मिळून १० अँपिअरचा एकच फ्यूज आहे आणि तो आजवर कधी उडालेला नाही.

पायरीचा दिवा एकटा लावला तर लख्ख लागतो. पट्टी लावली की ती मंद लागते आणि पायरीच्या दिव्यालाही आपल्याबरोबर खाली ओढते. इंजिन सुरू केले की उजेड थोडा वाढतो, पण गाडी जरा हलली तरी लुकलुकतो. पावसाळ्यात कोकणात राहून आल्यापासून हा त्रास वाढला आहे. पट्टीचा कनेक्टर काढून त्या टोकाला मीटर लावला, तर १३.२ व्होल्ट, म्हणजे अगदी बॅटरीइतकेच दिसतात. त्यामुळे वायरिंग ठीक असावे असा माझा समज आहे. ऑटो इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की पट्टी गेली आहे, ती बदला आणि सोबत २० अँपिअरचा फ्यूज टाका. पट्टी अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये चिकटवलेली आहे, एकदा उपटली की वायाच जाणार, म्हणून आधी येथे विचारतो. आणखी एक गोष्ट म्हणजे स्विच बंद असतानाही रात्री पट्टी अगदी पुसट उजळलेली दिसते.

तांबडीतार

पट्टीला हात लावू नका, आणि फ्यूज तर मुळीच बदलू नका. फ्यूज लहान असला तर तो उडतो. त्याच्यामुळे दिवा मंद होत नाही. फ्यूज पट्टीचे नव्हे तर वायरचे रक्षण करतो, आणि अशा कामात बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली असते. तिच्यावर २० अँपिअरचा फ्यूज लावणे म्हणजे कुठे घासून शॉर्ट झाले तर फ्यूजच्या आधी वायर तापू देणे होय, आणि ती वायर तुमच्या प्लायवूडच्या मागून गेलेली आहे.

कनेक्टर काढून घेतलेले माप येथे फसवे ठरते. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वाटेत कितीही कळकलेला जोड असला तरी त्याच्यावर व्होल्टेज पडत नाही आणि टोकाला पूर्ण १३.२ दिसतात. जोडाची खरी परीक्षा करंट वाहत असतानाच होते. तेव्हा कनेक्टर पुन्हा जोडा, पट्टी लावा आणि ती जळत असताना तीन मापे घ्या: एक, पट्टीच्या दोन टोकांमधले व्होल्टेज, दोन, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पट्टीच्या पॉझिटिव्हपर्यंतचे, आणि तीन, बॅटरीच्या निगेटिव्हपासून पट्टीच्या निगेटिव्हपर्यंतचे. मीटरची तार पुरणार नाही, तर घरातली कोणतीही लांब वायर जोडून वाढवा. ती कितीही बारीक असली तरी या मापात फरक पडत नाही. सोबत पट्टीचा निगेटिव्ह नेमका कुठे जोडला आहे तेही पाहून सांगा. दोन दिवे एकमेकांना मंद करतात तेव्हा माझा पहिला संशय दोघांच्या सामाईक अर्थवर, म्हणजे निगेटिव्ह गाडीच्या धातूला जोडलेला असतो त्या जागेवर जातो.

घाटवाट

सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. पट्टीच्या टोकांवर ९.८ व्होल्ट, पॉझिटिव्ह बाजूला ०.४ आणि निगेटिव्ह बाजूला तब्बल ३.० व्होल्ट आले. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरचीच असून फ्यूज बॉक्सपासून पट्टीपर्यंतची तिची वाट सुमारे सात मीटर आहे. निगेटिव्हची वायर मात्र बॅटरीपर्यंत परत गेलेलीच नाही. पट्टी आणि पायरी यांचे दोन्ही निगेटिव्ह एकाच थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) दाबून पायरीच्या ब्रॅकेटला पत्र्याच्या स्क्रूने आवळले आहेत. ब्रॅकेटवर काळा पावडर कोटिंगचा थर आहे, स्क्रूभोवती तांबूस गंज आहे, आणि थिंबलच्या तोंडाशी वायर सोलून पाहिली तर आतले तांबे बोटभर अंतरापर्यंत काळे पडलेले आहे.

तांबडीतार

मग दोष सापडला. १३.२ मधले ३ व्होल्ट त्या एका स्क्रूपाशी खर्च होत आहेत. पायरीचा दिवा एकटा असताना किरकोळ करंट घेतो, म्हणून त्याला ही अडचण जाणवत नाही. पट्टी लागली की तो सामाईक बिंदूच ३ व्होल्टने वर उचलला जातो आणि पायरीच्या दिव्यालाही तेवढे व्होल्टेज कमी मिळते. पायरीवर पाय पडतो, रस्त्याचे पाणी उडते, समुद्रकाठची खारी हवा लागते; अर्थ घेण्यासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

ब्रॅकेट पॉलिश पेपरने घासून स्क्रू पुन्हा आवळला तर दिवे लगेच उजळतील, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उतरतील. ब्रॅकेट, रिव्हेट, फ्रेम आणि चॅसिस अशा साखळीतला प्रत्येक सांधा उद्या गंजू शकतो. त्यापेक्षा २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी निगेटिव्ह वायर बॅटरीजवळच्या निगेटिव्ह बसबारपर्यंत (सगळे निगेटिव्ह एकत्र येतात ती धातूची पट्टी) न्या आणि पॉझिटिव्हही त्याच जाडीची करा. बॅटरीवर शंट (करंट मोजून बॅटरी मॉनिटरला कळवणारा भाग) बसवलेला असेल तर ती वायर शंटच्या लोडकडच्या बाजूला जोडा, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नको, नाही तर दिव्यांचा खर्च मॉनिटरच्या हिशेबात येणार नाही. काळे पडलेले तांबे कापून आत चकचकीत तार लागेपर्यंत मागे जा; काळ्या तारेवर नवे थिंबल दाबून काही उपयोग होत नाही.

रात्रमुक्काम

वरचे निदान बरोबरच आहे, पण दुरुस्तीनंतर काय होईल याचा विचार आधी करा, कारण तो खराब अर्थ आजवर पट्टीला नकळत सांभाळत होता. या पट्टीत तीन तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात आणि करंट आवरायला सोबत केवळ एक रेझिस्टर असतो. पांढऱ्या तीन एलईडींवर सुमारे ९.३ व्होल्ट पडतात. म्हणजे १२ व्होल्टला रेझिस्टरच्या वाट्याला २.७ येतात, तर १४.४ व्होल्टला ५.१ येतात. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने वाढले, पण करंट मात्र जवळजवळ दुप्पट झाला. लिथियम बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत सहज जाते. तुमची पट्टी १२ व्होल्टला ४.८ अँपिअर घेणारी आहे. जाड वायर टाकून अर्थ सुधारला की चार्जिंगच्या वेळी ती ७ अँपिअरच्याही पुढे जाईल. लख्ख दिसेल यात शंका नाही, पण काही महिन्यांत तिचे तीन तीन एलईडींचे तुकडे एकेक करून विझू लागतील. कंपनीच्या खुणेवरचे १२ व्होल्ट हे खरोखरच १२ असतात, गाडीच्या बोलीभाषेतले नव्हेत.

यावर उपाय म्हणजे पट्टीच्या आधी १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवणे. तो १० अँपिअरचा घ्या, म्हणजे निम्म्या भारावर चालेल आणि तापणार नाही. आत येणारे व्होल्टेज १२ च्या वर असो वा खाली, बाहेर १२ च देणारा प्रकार मागून घ्या. फक्त व्होल्टेज उतरवणारा प्रकार बॅटरी उतरत आल्यावर नीट चालत नाही.

स्विच बंद असताना पट्टी पुसट उजळते, हे वेगळे प्रकरण आहे. तुमच्या स्विचमधला खुणेचा दिवा स्विच बंद असताना लागतो का? तसे असेल तर त्या दिव्याचा काही मिलिअँपिअर करंट पट्टीतून होऊनच परत जात आहे. पट्टीचा कनेक्टर काढून पाहा. त्याबरोबर खुणेचा दिवाही विझला तर खात्री पटेल. यात धोका नाही, पण गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर तेवढीही गळती नको.

घाटवाट

होय, स्विचचा दिवा बंद अवस्थेतच लागतो, आणि कनेक्टर काढल्यावर तो विझला. स्विच बदलून घेतो. थिंबलऐवजी जोडांना डाग द्यावा का, म्हणजे सोल्डर करावे का? आमचे इलेक्ट्रिशियन डागावर ठाम आहेत.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये मोटरहोम वापरतो, म्हणून दोन मुद्दे जोडतो. चालत्या गाडीत नुसत्या डागावर माझा विश्वास नाही. कथील वायरच्या दोऱ्यांमध्ये वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जेथे कथील संपते तेथेच हादऱ्यांनी दोरे तुटू लागतात. रॅचेटच्या पकडीने नीट दाबलेले कथिलाचा मुलामा असलेले थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी, एवढे पुरते. साध्या पकडीने चेपलेले थिंबल ओढून पाहा, अनेकदा हातात येते. डागाचा आग्रह बहुधा त्या अनुभवातूनच येतो आणि तेवढ्यापुरता तो चुकीचा नाही.

दुसरा मुद्दा असा की येथील कारखान्यातून आलेल्या अनेक मोटरहोममध्ये इंजिन सुरू होताच छताखालचा दिवा आपोआप बंद होतो. चालत्या गाडीच्या बाजूला पांढरा झगझगीत दिवा इतर चालकांना गोंधळात टाकतो. तुमच्या गाडीतही पाच पिनांच्या साध्या रिलेने (कॉइलला करंट मिळताच आतला जोड आपोआप बदलणारा स्विच) हे साधते: ८५ आणि ८६ यांच्यापैकी एका पिनेला इग्निशनचा पॉझिटिव्ह आणि दुसरीला अर्थ, ३० ला फ्यूजमधून आलेला पुरवठा, आणि पट्टीच्या स्विचकडे जाणारी वायर ८७अ ला. चावी फिरली की ८७अ सुटतो आणि पट्टी विझते. चावी काढली की रिले काहीच करंट घेत नाही. पायरीच्या दिव्याची वायर रिलेच्या आधीच वेगळी काढा, म्हणजे इंजिन चालू असताना कोणी उतरले तरी पायरी दिसेल. रिले लावण्याचे काम नवी वायर ओढतानाच उरकून घ्या, कारण प्लायवूड एकदा परत बसवले की ते पुन्हा काढायला कोणी तयार होत नाही.

तांबडीतार

रिलेची सूचना उत्तम आहे. फक्त इग्निशनचा पुरवठा गाडीच्या मूळ वायरला चिमटा मारून घेऊ नका. फ्यूज बॉक्समधल्या इग्निशनवर चालणाऱ्या जागेवरून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागेत बसून वेगळ्या फ्यूजसह जादा वायर काढून देणारा तुकडा) घ्या आणि त्यात २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज ठेवा, रिलेच्या कॉइलला त्याहून अधिक लागत नाही. पट्टीचा १० अँपिअरचा फ्यूज आहे तसाच राहू द्या. सगळे जोडून झाल्यावर पट्टी जळत असताना निगेटिव्ह बाजूचे माप पुन्हा घ्या आणि येथे लिहा. तुम्ही सांगितलेल्या अंतराला ते ०.३ व्होल्टच्या आत यायला हवे.