मदत हवी आहे : मुलगा नीट बोलतोय, तरी मानेचं सीटी अँजिओ करायचं का?

काल संध्याकाळी आमच्या गाडीला अपघात झाला. माझा ८ वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर होता, बेल्ट लावलेला होता. डोकं काचेवर आपटलं आणि मिनिटभर शुद्ध हरपली. आता बोलतोय, हातपाय नीट हलवतोय. मानेवर डाव्या बाजूला बेल्टचा बोटभर रुंद जांभळा वळ आहे. सकाळी केस मागे सारले तर कानामागेही निळसर डाग दिसला.

डोक्याच्या सीटीत रक्तस्राव नाही, पण टेम्पोरल हाडाच्या (कानाजवळचं कवटीचं हाड) पेट्रस भागाला, म्हणजे त्याच्या आतल्या कठीण भागाला, फ्रॅक्चर आहे. ट्रॉमाच्या (अपघात विभागाच्या) डॉक्टरांना डोक्याचं आणि मानेचं सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी, करायचंय. राउंडला आलेले दुसरे डॉक्टर म्हणाले, "पोरगं इतकं चांगलं आहे, उगाच रेडिएशन कशाला? दोन दिवस बघू." संमतीचा कागद माझ्या पर्समध्ये पडून आहे, सही झालेली नाही.

लागोपाठ दुसरं सीटी, तेही थायरॉइडच्या जागी, म्हणून जीव घाबरतोय. एमआरआयवर भागेल का? हे वळामुळे सांगतायत की फ्रॅक्चरमुळे? आणि रक्तवाहिनीला इजा असती तर एव्हाना कळलं नसतं का? नवऱ्याचा पाय मोडलाय, ते दुसऱ्या वॉर्डात आहेत. मला एकटीलाच ठरवायचंय. कृपया लवकर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी मुलांच्या आयसीयूत डॉक्टर आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, एव्हाना कळलंच असतं असं नाही. मानेला जोराचा हिसका बसला की मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड किंवा व्हर्टिब्रल धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथे गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. मधले काही तास, कधी काही दिवस, मूल अगदी छान असतं. उपचार करायचे ते याच वेळात. बहुतेकदा ॲस्पिरिन किंवा हेपॅरिन (गुठळी होऊ न देणारी औषधं) पुरतं, ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

नुसता वळ असता तर मीही थोडी थांबले असते. पण कॅरोटिड त्याच पेट्रस हाडातल्या बोगद्यातून वर जाते. अशा रक्तवाहिनीच्या इजेचा धोका मोजणाऱ्या, मुलांसाठीच्या युटा स्कोअरमध्ये या एका फ्रॅक्चरला ३ गुण आहेत, आणि ३ गुण म्हणजे जास्त धोका. दोन्ही डॉक्टरांना समोरासमोर विचारा, "याचा युटा स्कोअर किती?"

रेडिएशनची भीती रास्त आहे, म्हणून डोस मुलाच्या वजनाप्रमाणेच ठेवा असं सांगा. एमआरआयला वेळ लागतो, मुलाला निपचित पडून राहावं लागतं, कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि बारीक इजा त्यात निसटू शकते. तुमच्या जागी मी सही केली असती.

तोवर डोळे बघत राहा. एका बाजूची पापणी उतरली, बाहुली लहान झाली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा मानेवर सूज वाढली, तर लगेच सिस्टरना हाक मारा.

धागाकर्ती

डॉक्टर, तुमचे खूप आभार. दोघांना एकत्र विचारलं. दुसरे डॉक्टर फ्रॅक्चरचा रिपोर्ट पुन्हा वाचून म्हणाले, "करून घेऊ." सही केली. अर्ध्या तासात नेतील. पापण्या बघतेय, दोन्ही सारख्या आहेत.