वसाहतींचे भांडण एकाशी आणि युद्ध दुसऱ्याशी, असे १९१४ मध्ये का झाले?

प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या कारणांमध्ये लष्करी करार आणि साम्राज्यवादी स्पर्धा ही दोन कारणे एकापाठोपाठ सांगितली जातात, पण त्यांचा परस्परसंबंध सहसा उलगडला जात नाही. आफ्रिकेतील प्रदेशावरून १८९८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स फाशोदा येथे समोरासमोर आले होते. तरी १९१४ मध्ये हेच दोन देश एका बाजूने लढले. मग स्पर्धेमुळे युद्ध झाले, असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

प्रतिसाद १

वसाहतींच्या तंट्यांनी युद्ध थेट पेटवले नाही. कोण कोणाच्या बाजूला उभे राहणार, हे मात्र त्यांनी बऱ्याच अंशी ठरवले. फाशोदातून फ्रान्सने माघार घेतली आणि १९०४ च्या करारात इजिप्तमध्ये ब्रिटनला, तर मोरोक्कोत फ्रान्सला मोकळीक देऊन दोघांनी जुने वाद मिटवले. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने इराण, अफगाणिस्तान व तिबेटविषयी तसाच समझोता केला. (ज्यांच्या भूमीचा हा सौदा होत होता त्यांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी.) जर्मनीला मात्र त्यात आपल्याभोवती आवळत चाललेला वेढा दिसू लागला. ही नवी मैत्री फोडण्याच्या हेतूने जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म १९०५ मध्ये मोरोक्कोतील टँजियरला गेला. १९११ मध्ये जर्मनीने मोरोक्कोतल्याच अगादीरला ‘पँथर’ ही युद्धनौका धाडली. दोन्ही वेळा मैत्री तुटण्याऐवजी अधिकच घट्ट झाली. जर्मन आरमाराच्या वाढीने आधीच धास्तावलेल्या ब्रिटनला फ्रान्सच्या जवळ जाण्यास त्यामुळे आणखी एक कारण मिळाले.

प्रतिसाद २

हे मान्य आहे, परंतु करारांनी युद्ध आपोआप ओढवले, असा समज करून घेऊ नये. १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गोटात असलेला इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये चक्क विरुद्ध बाजूने उतरला. फ्रान्ससाठी लढण्याचे लेखी बंधन ब्रिटनवर नव्हते. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी मात्र त्याने १८३९ च्या लंडन करारात दिली होती. माझ्या मते कराराच्या कलमांपेक्षा त्यांवर बेतलेल्या लष्करी योजना अधिक घातक ठरल्या. फ्रान्स आणि रशिया १८९४ पर्यंत एकत्र आल्याने जर्मनीला दोन आघाड्यांची भीती होती, म्हणून रशियाची जमवाजमव पूर्ण होण्याआधीच फ्रान्सला गारद करायचे, असा तिचा बेत होता. परिणामी, भांडण ऑस्ट्रिया-हंगेरी आणि सर्बियाचे, युद्ध १ ऑगस्टला रशियाशी पुकारलेले आणि ४ ऑगस्टला सैन्य घुसले ते फ्रान्सच्या वाटेवरील बेल्जियममध्ये!

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पण सर्बियाशी लष्करी करार नसताना रशियाने एवढा धोका का पत्करला?

प्रतिसाद १

येथेही साम्राज्याचाच प्रश्न आडवा येतो. १९०५ मध्ये जपानकडून पराभव झाल्यावर रशियाचे लक्ष अतिपूर्वेकडून पुन्हा, सर्बिया ज्यात येतो त्या आग्नेय युरोपातील बाल्कनकडे वळले. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया गिळंकृत केला, तेव्हा जर्मनीच्या दडपणापुढे रशियाला नमते घ्यावे लागले होते. ती मानहानी ताजी असताना, ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या सारायेव्होतील हत्येनंतर पुन्हा माघार घेतली तर बाल्कनमध्ये आपल्याला कोणीही विचारणार नाही, अशी रशियाच्या मंत्र्यांची धारणा झाली होती. तिकडे जर्मनीने ५ जुलैलाच ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा कळवला होता.