तीन हजार पुस्तके घरात कशी लावावीत?

प्रश्न (परभणी)

जुन्या माळवदाच्या घरातून आजोबांची आणि वडिलांची पुस्तके गेल्या महिन्यात नव्या घरी आणली. ती तीन हजारांच्या आसपास असून त्यांत संतवाङ्मय, कादंबऱ्या, शेतीवरच्या पुस्तिका, चाळीस वर्षांचे दिवाळी अंक आणि निजामाच्या राजवटीत शिकलेल्या आजोबांनी जमवलेली शंभरेक उर्दू पुस्तके आहेत. लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावायला सुरुवात केली, परंतु ज्ञानेश्वरीच्या सात प्रती संपादकांच्या आडनावांमुळे चार ठिकाणी विखुरल्या, तेव्हा मी थांबलो. विषयवार लावावे, की ग्रंथालयासारखे क्रमांक द्यावेत? वडिलांना हवे ते पुस्तक त्यांच्या हाती लगेच देता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

उत्तर (नांदेड)

मी महाविद्यालयीन ग्रंथालयातून निवृत्त झालो आहे. आपण फळ्यांपासून सुरुवात केली, ती नोंदवहीपासून करायला हवी होती. हाताला येईल त्या क्रमाने प्रत्येक पुस्तकाला १, २, ३ असा दाखलअंक द्यावा, तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहावा आणि वहीत किंवा संगणकावर दाखलअंक, शीर्षक, लेखक, संपादक, प्रकाशनवर्ष आणि शेवटी कपाट व कप्पा असे रकाने करावेत. यांतला कप्प्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो भरलेला असेल तर मांडणी थोडी चुकली तरी पुस्तक हरवत नाही.

ग्रंथालयांत विषयानुसार क्रमांक देण्याची ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती घरासाठी मी सुचवणार नाही. तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे, म्हणजे आपल्या संग्रहातील मोठा भाग याच आकड्यांनी सुरू होईल आणि पाठीवर चिकटवलेल्या लांबलचक क्रमांकांचा वडिलांना काहीच उपयोग होणार नाही. त्याऐवजी आठ-दहा ठळक विषय करून त्यांच्या आत लेखकवार लावावे. संतवाङ्मय मात्र मूळ ग्रंथकाराच्या नावाखाली ठेवावे, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सातही प्रती शेजारी राहतील आणि संपादकांची नावे वहीतून शोधता येतील. संगणकावर यादी केल्यास एक सावधगिरी बाळगावी. ‘ज्ञ’ हे अक्षर तेथे ज आणि ञ यांच्या जोडणीने साठवले जात असल्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ वर्णमालेच्या शेवटी न येता पुष्कळदा ‘ज’मध्ये सापडतो. क्रम कोणता पाळायचा ते एकदा ठरवून फळीवरही तोच ठेवावा. दिवाळी अंक नावाने न लावता वर्षाने लावावेत. ते वर्षानेच आठवतात.

उत्तर (लातूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. भर घालतो ती केवळ कपाटांविषयी. पुस्तकांचे वजन फार असते, त्यामुळे तीन फुटांहून लांब लाकडी फळी मधोमध वाकते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच असावा, कारण आपल्याकडे वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून चढते व कपाटाची मागची बाजू पोखरली गेल्याचे फार उशिरा कळते. उन्हाळ्यात पुस्तके कडक उन्हात वाळवू नयेत, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. माळवदाची माती जुन्या पुस्तकांच्या शिवणीत बसलेली असते. ती कोरड्या मऊ कुंच्याने झटकूनच पुस्तके आत ठेवावीत.

प्रश्नकर्ता (परभणी)

दोघांचेही मनापासून आभार. नोंदवही आजच सुरू केली. उर्दू पुस्तकांवरील वर्षे मात्र १३४२, १३५० अशी आहेत. त्यांची नोंद कशी करावी?

उत्तर (नांदेड)

हैदराबाद संस्थानात फसली सन चालत असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र ते वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने १३५० म्हणजे १९४०-४१ असे लिहावे. काही पुस्तकांवर हिजरी सनही असतो आणि त्याचा हिशेब वेगळा आहे, म्हणून वर्षाशेजारी छापलेले अक्षर कोणा उर्दू जाणकाराकडून वाचून घ्यावे. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असेल तर ७८ मिळवावेत. छापलेले मूळ वर्षही जसेच्या तसे लिहावे, म्हणजे पुढे कोणाला ताडून पाहता येईल. उर्दू पुस्तकांची शीर्षके वहीत देवनागरीत लिहून घ्यावीत आणि त्यांना स्वतंत्र कप्पा द्यावा. आजोबांची ती पुस्तके घरात आता कोणाला वाचता येत नसतील, तर हे काम वडिलांना शेजारी बसवून करावे. कोणते पुस्तक कशाविषयी आहे हे त्यांना आजोबांकडून ऐकून ठाऊक असण्याचा संभव आहे, आणि ती माहिती पुस्तकात कोठेही छापलेली नाही.