अमेरिकेचं शास्त्रीय संगीत उसनं आहे म्हणणाऱ्यांना

सारंगा (न्यू जर्सी): परवा इथे एकांनी लिहिलं की अमेरिकेचं शास्त्रीय संगीत म्हणजे युरोपातून बोटीने आलेलं सामान, वारसा म्हणायचा तर जॅझ, बाकी सगळं उसनं. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. चार्ल्स आइव्ह्ज न्यूयॉर्कमध्ये विम्याचा धंदा सांभाळून उरलेल्या वेळात संगीत लिहायचा. वडील कनेटिकटमध्ये बँडमास्तर. गावचे बँड, चर्चची स्तोत्रं, सगळं त्याच्या संगीतात आहे. त्याची तिसरी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना, कित्येक वर्षं पडून राहिली, १९४६ साली पहिल्यांदा वाजली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. फ्लोरेन्स प्राईसची पहिली सिम्फनी १९३३ साली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवली. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने वाजवलेली कृष्णवर्णीय स्त्रीची ही पहिलीच सिम्फनी. तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे २००९ साली इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात सापडले. वारसा होता हो, सांभाळला नाही.

गिरगावकर: मीच तो लिहिणारा. तुमची तळमळ पोचली, पण पुरावे माझ्याच बाजूचे आहेत. सिम्फनी हा साचाच युरोपचा. तुमचं संगीत तुमच्याच कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत आहे, हे अमेरिकेला सांगायलाही १८९३ साली चेक संगीतकार ड्वोर्झाक लागला, बोहेमियाहून आलेला पाहुणा! आणि स्वतःचं होतं त्याचं काय केलं? १९६५ साली जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनला पुलित्झरचा खास सन्मान द्या अशी परीक्षकांनी शिफारस केली, ती मंडळाने फेटाळली. ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीमधला लार्गो, म्हणजे तिचा संथ भाग, तोसुद्धा मुळात एक स्पिरिच्युअलच, कृष्णवर्णीयांचं भक्तिगीतच आहे.

सारंगा: साफ चूक. ती धून ड्वोर्झाकची स्वतःची. त्याचा विद्यार्थी विल्यम आर्म्स फिशर याने १९२२ साली तिला शब्द दिले, तेव्हापासून लोक तिला जुनं स्पिरिच्युअल समजतात. आणि पाहुणा कुणाकडून शिकला? हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय गायकाकडून. गुलामगिरीतून सुटलेल्या आजोबांकडून शिकलेली गाणी तो ड्वोर्झाकला म्हणून दाखवायचा. त्याचं नाव तुमच्या प्रतिसादात कुठे आहे?

उत्तररात्र: ‘साफ चूक’ काय! माझे वडील शिकागोत वारले. अंत्यविधीला शेजारच्या बाईंनी हेच गाणं म्हटलं. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या चर्चमध्ये त्यांच्या आईपासून ते गातात. त्यांना जाऊन सांगू का, की बाई, हे तुमचं नाही?

सारंगा: वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण धून कुणी रचली आणि कुणी आपली मानली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

उत्तररात्र: मग हेच सिम्फनीला लावा ना! रचना परक्याची असूनही गाणं त्या बाईंचं होतं, तर साचा परका असूनही प्राईसची सिम्फनी अमेरिकेची का नाही? मी तुमच्याच बाजूने बोलतोय, आणि तुम्ही मलाच तारखा शिकवताय.

सारंगा: हं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

सेलोचा बाप: तुमचा लार्गो चालू द्या, पण पोरांना हे कोण ऐकवणार? मुलगी पाच वर्षं शाळेच्या ऑर्केस्ट्रात सेलो वाजवत होती. प्राईस तिच्या वाट्याला आली एकदाच, तीही फेब्रुवारीत, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून. मार्चमध्ये तिच्या संगीताची पानं परत गोळा केली. यंदा तर ऑर्केस्ट्राच बंद, पैसे नाहीत म्हणे. फुटबॉलच्या मैदानाला नवे दिवे मात्र लागले.

गिरगावकर: दिव्यांचा इथे काय संबंध?

सेलोचा बाप: ज्याच्यावर खर्च करता तोच तुमचा वारसा. हाच संबंध.

गिरगावकर: बरं. काल रात्री प्राईसची ती सिम्फनी पूर्ण ऐकली. तिसरा भाग जुबा आहे. मळ्यांवरचे गुलाम टाळ्या वाजवत, मांड्यांवर थापा मारत जो नाच करायचे, तो. हा व्हिएन्नाहून आलेला नाही, एवढं मान्य. ‘उसनं’ हा शब्द मागे घेतो. ‘राष्ट्राचा वारसा’ मात्र अजून म्हणणार नाही. माझ्या बॉस्टनच्या भाच्याला विचारलं, जन्म तिथलाच, त्याने प्राईसचं नावही ऐकलेलं नव्हतं.

सारंगा: ऐकलेलं नव्हतं, हीच माझी तक्रार आहे.

सेलोचा बाप: जुबाची सेलोची पानं कुणाकडे असतील तर कळवा. मुलगी घरी वाजवेल.