झोपेत शू गळते : म्हाताऱ्या कुत्रीच्या डायपरमध्ये कोणती पॅड घालावीत?

निळी_छत्री
आमची कुत्री बारा वर्षांची आहे. वजन वीस किलोच्या आसपास, नसबंदी झालेली. हल्ली झोपेत तिची शू गळते. जागेपणी सगळं ठीक, बाहेर नेलं की नीट करते. पण गाढ झोपून उठली की खाली ओला डाग, आणि मग बाईसाहेब तो डाग आपला नव्हेच अशा थाटात दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. धुता येणारा कापडी डायपर घेतलाय, तो अंगावर छान बसतो. प्रश्न फक्त आत घालायच्या पॅडचा आहे. सोबत आलेलं पॅड नावापुरतंच. रोज बदलायचंय, त्यामुळे स्वस्त हवं. कुत्र्यांची खास महागडी नकोत. काय वापरता?

शेपूटवाली
स्वस्त हवं हे वाचलं, तरी सांगते: कुत्र्यांचे तयार वापरून-फेकायचे डायपर घ्या, तेही सगळ्यात वरच्या दर्जाचे. आमच्याकडे तेच आहेत. गालिचा आजही नव्यासारखा आहे. मुक्या जिवाच्या बाबतीत काटकसर कसली करायची?

निळी_छत्री
काटकसर नाही हो ताई, रोजचा खर्च आहे. आणि डायपर आहे, पॅड विचारतेय.

उगाच_आपलं
पोटाला गुंडाळायचा पट्टा घ्या. बेली बँड म्हणतात. आत एक पॅड टाकलं की काम फत्ते. डायपर-बियपरची भानगडच नको.

धोपटमार्ग
उगाच_आपलं, ती कुत्री आहे. पट्टा नरांसाठी असतो. मादीची शू पट्ट्याच्या मागून सरळ जमिनीवर.

उगाच_आपलं
बरं बरं. पण पट्टा असतो मात्र उत्तम.

चार_पायांचा_संसार
लहान मुलांचे डायपर आणा, त्यातच शेपटीला भोक पाडा. चिकटपट्ट्या पाठीवर येतील असे उलटे घालायचे. भोकाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर आतले जेलचे दाणे घरभर. आमच्या सोफ्यावर अजून सापडतात.

खाष्ट_सासू
दाणे सोफ्यावर सापडले तर नशीब समजा. आमच्या दिवट्याने ओला डायपर फाडून अर्धा गिळला होता. ते जेल पाणी शोषून फुगतं, आणि कापूस नि प्लॅस्टिक आतड्यात अडकू शकतं. रात्री दवाखाना, एक्स-रे, उलटीची वाट बघणं, सगळं झालं. ज्या कुत्र्याला वस्तू चावायची खोड आहे त्याला फेकायचा डायपर लावून एकटं सोडू नये. कापडी डायपर बरा, पॅड आत झाकलेलं राहतं.

चार_पायांचा_संसार
आमचा काही खात नाही.

खाष्ट_सासू
आमचाही त्या दिवसापर्यंत खात नव्हता.

सदा_शंका
बायकांची सॅनिटरी पॅड चालतील का? घरात असतातच.

धोपटमार्ग
नाही चालणार. ती पाळीसाठी केलेली असतात, म्हणजे थोडं-थोडं, दाट आणि सावकाश येणाऱ्या स्रावासाठी. शू पातळ असते आणि एकदम येते. पॅडने शोषायच्या आत कडेने वाहून जाते. मोठ्या माणसांना लघवीच्या गळतीसाठी मिळतात ती पॅड आणा. दिसायला तशीच, पण पटकन शोषतात.
आणखी एक. काही पॅडच्या पाठीला प्लॅस्टिक असतं, काहींच्या नसतं. तुमच्या डायपरला आतून स्वतःचा शोषणारा थर असेल तर बिनप्लॅस्टिकचं घ्या. पॅड भरलं की उरलेली शू खालच्या थरात उतरते. प्लॅस्टिकवालं घातलंत तर खालचा थर कोरडा ठणठणीत आणि शू मांडीवरून बाहेर.

शेपूटवाली
सॅनिटरी पॅड अजिबात नको. तयार डायपर घ्या.

मिशीवाला_मनुष्य
सॅनिटरी पॅड नको, मीही तेच म्हणणार होतो. कापडी पॅड शिवून घ्या. वर फ्लीस, आत बांबूचं किंवा जाड सुती कापड. फ्लीसमधून शू खाली जाते आणि वरचा भाग अंगाला कोरडा लागतो. मायक्रोफायबर थेट कातडीला लागू देऊ नका. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा थर बसतो आणि कापड शोषेनासं होतं.

खाष्ट_सासू
आणि ते रोज धुणार कोण?

मिशीवाला_मनुष्य
आमच्याकडे मीच धुतो.

खाष्ट_सासू
हे वाचून घरच्या मंडळींचंही मत कळवा.

तिसरा_मजला
सगळे पॅडवर भांडताय, पण गळते किती ते कोणी विचारलंच नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कोरडं पॅड तोला, झोप झाल्यावर तेच पुन्हा तोला. जितके ग्रॅम वाढले तितके जवळपास मिलिलिटर शू. वीस किलोचा निरोगी कुत्रा दिवसाला साधारण ४०० ते ८०० मिली शू करतो. मूत्राशय अख्खं रिकामं होतंय की नुसती पाझरतेय, हे कळल्याशिवाय पॅड कसं निवडणार?
आणि डॉक्टरांना दाखवलंय ना? नसबंदी झालेल्या मादीत मूत्रमार्गाचा स्नायू ढिला पडून झोपेत गळणं नेहमीचं आहे, त्यावर औषध मिळतं आणि बऱ्याच जणींना गुण येतो. पण जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास यांतही असंच दिसतं. स्टेरॉइड चालू असेल तरी तहान आणि शू वाढते. आधी लघवी तपासून घ्या.

उगाच_आपलं
बारा वर्षं म्हणजे म्हातारपण हो. डॉक्टर काय करणार? संध्याकाळनंतर पाणी बंद करा, प्रश्न मिटला.

तिसरा_मजला
पाणी तोडू नका!! मूत्रपिंडाचा आजार असेल तर जिवावर बेतेल. उलट पाणी किती पिते तेही मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर तेच डॉक्टरांना सांगा.

चार_पायांचा_संसार
मागच्या पायांमधले केस बारीक कापा. ओले केस कातडीला चिकटून राहिले की लाल चट्टे पडतात. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं, आणि दिवसात काही वेळ डायपर काढून ठेवायचा. आम्ही लहान बाळाचं रॅशचं मलम लावतो.

खाष्ट_सासू
त्या मलमात झिंक असतं का बघा. कुत्री चाटते, आणि झिंक पोटात जाणं वाईट. डॉक्टरांना विचारून लावा.

निळी_छत्री
सगळ्यांचे आभार. काटा काढला. घरात असलेलीच पॅड लावून बघितली. दुपारच्या झोपेला वीसेक ग्रॅम, रात्रीला तीस-पस्तीस. म्हणजे नुसतं पाझरतंय. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलेली सॅनिटरी पॅडच घेतेय. रात्रीची लांब, बिनवासाची. एकदम लोंढा येतच नाही, त्यामुळे कडेने वाहायला काही उरत नाही. धोपटमार्ग, प्लॅस्टिकचा मुद्दा पटला, पण पॅड निम्मंही भरत नाहीये. पॅड जरा मागे सरकवून लावलं की बरोबर जागी येतं. पुढे लावलं तर शेवटचा चार बोटं भाग तेवढा भिजतो आणि बाकी पॅड कोरं.
लघवी तपासायला दिली आहे. जंतुसंसर्ग नसेल तर औषध सुरू करू म्हणाले डॉक्टर.

धोपटमार्ग
वजन कळल्यावर बोलायचं तर ठीक आहे. गळती वाढली की मात्र बदला.

शेपूटवाली
तुमची मर्जी. मी असते तर तयारच घेतले असते.

दुपारची_झोप
धागा वाचनखूण करून ठेवलाय. आमच्याकडे नर आहे, त्याचंही हेच सुरू झालंय. त्याला काय लावू?

उगाच_आपलं
शेवटी आलात! हे बघा, पट्टा. घेराचं माप पोटाचं घ्यायचं, छातीचं नाही. दोन बोटं आत जातील इतका सैल बांधायचा. आत पॅड, आणि बाहेर नेताना काढायला विसरू नका, नाहीतर बिचारा झाडाशी पाय वर करून पट्ट्यातच करतो.